खुणेची भाषा

सायंकाळी ठाणे स्थानकाच्या फलाटावर उभे राहून कर्जतच्या गाडीची वाट पाहण्याचा प्रसंग तुमच्यापैकी पुष्कळांस आला असेल. मध्य रेल्वेच्या उपनगरी गाड्यांचे शेवटचे स्थानक इंडिकेटरवर एखाद्या इंग्रजी अक्षराने दाखविण्याची रीत फार दिवसांची आहे. ‘टी’ म्हणजे ठाणे, ‘के’ म्हणजे कल्याण, ‘एन’ म्हणजे कसारा आणि ‘एस’ म्हणजे कर्जत. गाडी जलद आहे की धीमी, हेही एका अक्षरानेच सांगतात. जलद गाडीस ‘एफ’ व धीम्या गाडीस ‘एस’. अर्थात् एकाच इंडिकेटरवर ‘एस’ हे अक्षर दोनदा येऊ शकते. एके ठिकाणी त्याचा अर्थ कर्जत, तर दुसऱ्या ठिकाणी धीमी. तरीही रोजचा प्रवासी गोंधळत नाही. असे का बरे? कारण अक्षर कोणते आहे एवढेच तो पाहत नाही. ते कोणत्या जागी आहे हेही पाहतो. गावाहून प्रथमच आलेल्या पाहुण्यास मात्र ही गोष्ट कोणीतरी समजावून द्यावी लागते.

संगणक हा असा कायमचा नवखा पाहुणा होय. त्यास एखादा मराठी लेख दिला, तर त्यातील अक्षरे तो बिनचूक साठवितो, क्षणार्धात हजारो मैल दूर पाठवितो, आणि मागाल तेव्हा परत देतो. पण त्या अक्षरांचा अर्थ काय, हे त्यास आपण होऊन ठाऊक नसते. आपल्याच गावांची नावे घ्या. ‘मुलांचे कल्याण व्हावे’, ‘मुले कल्याणला गेली’ आणि ‘गवयाने कल्याण आळविला’ या तीन वाक्यांत कल्याण हा शब्द एकच आहे. परंतु पहिल्यात तो हिताचा वाचक आहे, दुसऱ्यात गावाचा व तिसऱ्यात रागाचा. ‘बाळू ठाण्यात आहे’ एवढाच निरोप घरी आला, तर बाळू मावशीकडे गेला आहे की पोलिसांच्या हाती सापडला आहे, या चिंतेने आईचा जीव खालीवर होईल. माणूस संदर्भ पाहून, बोलणाऱ्याचा चेहरा पाहून, मागची हकीकत आठवून अर्थ लावतो. यंत्राजवळ त्या अक्षरांखेरीज दुसरे काय असते?

अक्षरे तरी त्याच्याजवळ कशी असतात, ते पाहा. संगणक ‘ठाणे’ हा शब्द २३३६, २३६६, २३३९, २३७५ अशा चार संख्यांनी ओळखतो. पहिली संख्या ‘ठ’ची, दुसरी काण्याची, तिसरी ‘ण’ची व चौथी मात्रेची. जगातील सर्व लिप्यांच्या अक्षरांस असे ठराविक क्रमांक देणारी जी पद्धती आहे, तिला युनिकोड म्हणतात; तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, व तीत देवनागरीचा समावेश होता. ती सर्वत्र रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या टंकसंचांत, ज्याच्या त्याच्या निराळ्या क्रमांकांनी टंकित होत असे. आणि तो टंकसंच नसलेल्या यंत्रावर मराठी पत्र उघडले की इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन कालवा दिसे. पालकांपैकी अनेकांस याची आठवण असेल. युनिकोडने ती अडचण दूर केली. तथापि ‘हे अक्षर ठ आहे’ एवढे कळले, म्हणजे ‘हा शब्द गावाचे नाव आहे’ किंवा ‘ही ओळ लेखाचे शीर्षक आहे’ असे कळले, असे नव्हे. ते सांगण्यासाठी निराळी व्यवस्था लागते, आणि तीच या लेखाचा विषय आहे.

हा विषय मी का निवडला, तेही सांगितले पाहिजे. गेल्या वर्षी सहामाही परीक्षेच्या वेळापत्रकाची सूचना शाळेच्या संकेतस्थळावर ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. मी ती ठळक अक्षरांत छापली, भोवती वेलबुट्टीची चौकट काढली, तिचे छायाचित्र घेतले आणि ते संकेतस्थळावर चढविले. काम उत्तम झाले, असे मला वाटले. दोन दिवसांनी डोंबिवलीहून एक पालक मला भेटावयास आले. त्यांस दृष्टी नाही. मोबाईल मजकूर मोठ्याने वाचून दाखवितो, तो ऐकून ते बँकेचे, रेल्वेचे व घरचे सर्व व्यवहार स्वतः करतात. ते अत्यंत सौजन्याने म्हणाले, “सर, आपली सूचना उघडली, पण फोन नुसता ‘चित्र’ म्हणतो आणि गप्प बसतो. शेजाऱ्यांस विचारता आले असते. परंतु स्वतःच्या मुलीच्या परीक्षेची तारीख बापाने दुसऱ्याकडून का विचारून घ्यावी?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. माझ्या सूचनेत अक्षरे नव्हतीच. अक्षरांचे केवळ चित्र होते. डोळस माणसास ते वाचता आले, कारण चित्रातून अक्षर ओळखण्याचे काम त्याच्या डोळ्यांनी केले. त्या दिवसापासून मी या विषयाचा थोडाबहुत अभ्यास आरंभिला, व जे समजले ते येथे मांडीत आहे.

लेखनात खुणा करण्याची कल्पना आपणांस परकी नाही. जुन्या पोथ्या पाहिल्या, तर ओळीच्या ओळी शब्दांमध्ये अंतर न सोडता लिहिलेल्या आढळतात. मोडी लिपीतील कागदपत्रांतही शब्द तोडून लिहिण्याची रीत नव्हती. वाचणाऱ्याने आपल्या अनुभवाने शब्द तोडावयाचे व वाक्य संपले हे ओळखावयाचे. पुढे छापखाने आले, आणि इंग्रजीच्या धर्तीवरील स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह इत्यादी विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात मराठीत रूढ झाली. या कामी मेजर थॉमस कँडी यांचे नाव विशेषेकरून घेतले जाते. ही चिन्हे उच्चारावयाची नसतात. ‘येथे थांबा’, ‘हा प्रश्न आहे’, ‘हे दुसऱ्याचे बोलणे आहे’ असे ती वाचकास हळूच सांगतात. मजकूर निराळा व मजकुराविषयी सांगणारी खूण निराळी, हा भेद तुम्ही नीट ध्यानात धरलात, म्हणजे पुढील सर्व विवेचन सुलभ होईल.

हेच कँडी, त्यांचे बंधू जॉर्ज कँडी व जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांच्या परिश्रमाने मराठी-इंग्रजी कोश सिद्ध झाला. त्याची पहिली आवृत्ती १८३१ साली व दुसरी १८५७ साली प्रसिद्ध झाली. त्या कोशात प्रत्येक शब्दापुढे नुसता अर्थ नाही. शब्द पुल्लिंगी, स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी. तो संस्कृतातून आला की फारसीतून, हे दर्शविणारी संक्षिप्त अक्षरेही आहेत. कोशकारांनी ही अक्षरे मनुष्य-वाचकासाठी घातली होती. परंतु पुढे शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ या उपक्रमात हा कोश संगणकावर आला, तेव्हा या शिस्तीचे महत्त्व प्रत्ययास आले. नोंदीचा मूळ शब्द कोणता आणि स्पष्टीकरण कोणते, हे वेगळे ओळखता येत असल्यामुळे आज आपण घरी बसून हवा तो शब्द त्यात क्षणात शोधू शकतो. ज्यांनी विजेचा दिवाही पाहिला नव्हता, त्यांच्या टापटिपीचा उपयोग दीडशे वर्षांनंतरच्या यंत्रास झाला.

आता खुणेच्या भाषेच्या प्रत्यक्ष जन्माकडे वळू. छापखान्यात हस्तलिखित जुळाऱ्याच्या हाती देण्यापूर्वी संपादक त्याच्या समासात खुणा करीत असे; ही ओळ ठळक घ्यावी, येथे नवा परिच्छेद करावा, हे शब्द तिरप्या वळणात छापावेत, इत्यादी. अशा खुणा करण्यास इंग्रजीत ‘मार्कअप’ म्हणत. संगणकावर मजकूर तयार होऊ लागला, तेव्हा या खुणाही मजकुराबरोबर यंत्रात शिरल्या. १९६९ साली आयबीएम या कंपनीतील चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी या तिघांनी एक महत्त्वाचा विचार पुढे नेला. खुणेने ‘हे अक्षर मोठे छाप’ असे सांगू नये. ‘हे शीर्षक आहे’ असे सांगावे. शीर्षक मोठे छापावयाचे की रंगीत, हे मागाहून ठरविता येईल. या विचारातून निघालेल्या एसजीएमएल या पद्धतीस १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

पुढे जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली एक योजना मांडली. निरनिराळ्या संगणकांवरील लेख एकमेकांस जोडले जावेत, व एका लेखातील शब्दावरून दुसऱ्या लेखाकडे जाता यावे, ही ती योजना. तिचेच नाव वर्ल्ड वाइड वेब. तिच्यासाठी त्यांनी जी साधी खुणेची भाषा रचली ती एचटीएमएल. तिची रीत अशी की, मजकुराच्या आरंभी एक खूण करावयाची व शेवटी तीच खूण तिरकी रेघ घालून पुन्हा करावयाची. या खुणेस टॅग म्हणतात. त्या भाषेतील टॅगची नावे रोमन अक्षरांत असतात; समजण्यास सोपे जावे म्हणून येथे ती मराठीत लिहितो :

<शीर्षक>सहामाही परीक्षेचे वेळापत्रक</शीर्षक>
<परिच्छेद>परीक्षा सोमवारी सुरू होईल.</परिच्छेद>

कोनी कंसांतील शब्द वाचकास दिसत नाहीत. ते यंत्रासाठी आहेत. दिसतो तो मधला मजकूर. पहिली ओळ शीर्षक आहे हे यंत्रास येथे स्पष्ट शब्दांत सांगितलेले आहे. तुम्ही म्हणाल, अक्षरे मोठी व ठळक केली म्हणजे शीर्षक झाले; निराळ्या खुणेची गरज काय? गरज अशी की, ठळकपणा हा डोळ्यास दिसणारा गुण आहे, व शीर्षक असणे हे त्या ओळीचे काम आहे. वर्गातील मॉनिटर सर्वांत उंच असेलच असे नाही, आणि सर्वांत उंच मुलगा मॉनिटर असतोच असेही नाही. दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखविणारी जी साधने आहेत, ती शीर्षकाच्या खुणा शोधून एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी घेऊ शकतात. त्यामुळे ऐकणारास लांबलचक लेखातील हवा तो भाग लवकर सापडतो. नुसत्या ठळक अक्षरांनी ही सोय होत नाही. असे एनव्हीडीए नावाचे विनामूल्य साधन ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली रचावयास घेतले, व जेम्स टेह हा दुसरा दृष्टिहीन तरुण त्यास येऊन मिळाला, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

चित्रासाठीही एचटीएमएलमध्ये एक जागा राखून ठेवलेली आहे. चित्रात काय आहे ते तेथे शब्दांनी लिहावयाचे, म्हणजे यंत्र ते वाचून दाखविते. माझ्या सूचनेच्या वेळी ती जागा मी रिकामी सोडली होती. शिवाय वेळापत्रकासारखा मजकूर मुळात चित्ररूपाने देणेच चूक. तो अक्षररूपानेच द्यावा. आपल्या देशात २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयी जो अधिनियम झाला, त्यातही माहिती सर्वांस वापरता येईल अशा रूपात असावी, असा दंडक घातलेला आहे.

एचटीएमएलमधील टॅग ठराविक आहेत. शीर्षक, परिच्छेद, यादी, दुवा, चित्र असे लेखाचे भाग त्यांनी सांगता येतात. पण ‘हे ग्रंथकाराचे नाव आहे’ किंवा ‘ही गाडीची वेळ आहे’ असे सांगावयाचे झाल्यास काय करावे? त्यासाठी १९९८ साली एक्सएमएल ही पद्धती प्रसिद्ध झाली. हिच्यात टॅगची नावे आपणच ठरवावयाची असतात, आणि ती देवनागरीत लिहिली तरी चालतात. ठाण्याचेच उदाहरण घेऊ. येथील मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले, व त्याच्या संस्थापकांत ‘महाराष्ट्र सारस्वत’ या वाङ्मयेतिहासाचे कर्ते विनायक लक्ष्मण भावे हे होते. त्यांच्या ग्रंथाची नोंद एक्सएमएलच्या रीतीने अशी करता येईल :

<ग्रंथ भाषा="मराठी">
<नाव>महाराष्ट्र सारस्वत</नाव>
<लेखक>विनायक लक्ष्मण भावे</लेखक>
</ग्रंथ>

मोठ्या डब्यात लहान डबे ठेवावेत, तसे येथे ‘ग्रंथ’ या खुणेच्या पोटात ‘नाव’ व ‘लेखक’ या खुणा आहेत. नियम दोनच : जी खूण उघडली ती मिटली पाहिजे, आणि आतला डबा मिटल्यावाचून बाहेरचा मिटता कामा नये. हा नियम मोडला, तर एक्सएमएल वाचणारे यंत्र तेथेच थांबते व चूक दाखविते. एचटीएमएल त्या मानाने सौम्य आहे. किरकोळ चुका पोटात घालून ते पान कसेबसे दाखविते. गणिताच्या व निबंधाच्या शिक्षकांत असाच फरक असतो, असे कोणी म्हटल्यास मी रागावणार नाही.

वरील नोंद म्हणजे ग्रंथ नव्हे, ग्रंथाविषयीची माहिती होय. अशा माहितीविषयीच्या माहितीस मेटाडेटा म्हणतात. हीही कल्पना जुनी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालापासून चालत आले आहे. अशा कोणत्याही जुन्या ग्रंथालयात हजारो पुस्तकांतून हवे ते हाती येते, ते नोंदवह्या व तालिका-पत्रे यांच्या बळावर; ग्रंथपालास प्रत्येक पुस्तक उघडून पाहावे लागत नाही. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस येथे हेन्रिएट अ‍ॅव्हरम या विदुषींच्या नेतृत्वाखाली ही पत्रे यंत्रास वाचता येतील अशा रूपात आणण्यात आली. त्या ‘मार्क’ पद्धतीत १०० या क्रमांकाच्या रकान्यात मुख्य ग्रंथकाराचे नाव व २४५ या रकान्यात ग्रंथाचे नाव असते. ‘शिवाजी’ हे ग्रंथाचे नाव आहे की ग्रंथकाराचे, हा संशय मग उरत नाही. इंडिकेटरवरील ‘एस’सारखेच हे, जागेवरून अर्थ कळतो.

वेबवरील लेखांसाठी इतका तपशील भरणे सर्वांस जमणारे नव्हते. म्हणून १९९५ साली डब्लिन येथे जाणकारांची एक बैठक भरली, आणि तीतून निघालेल्या प्रयत्नास ‘डब्लिन कोअर’ हे नाव पडले. शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, भाषा इत्यादी पंधरा मूलभूत गोष्टी त्या प्रयत्नातून ठरविण्यात आल्या. आता डब्लिन म्हटले की आपणांस आयर्लंडची राजधानी आठवते. पण हे डब्लिन अमेरिकेतील ओहायो संस्थानातले! पाहा, आमचे कल्याण आणि त्यांचे डब्लिन यांची अडचण एकच. पुढे २०११ साली वेबवरील मोठ्या शोधयंत्रांनी एकत्र येऊन ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ ही समाईक शब्दसूची प्रसिद्ध केली. हे दुकान आहे, ही उघडण्याची वेळ, हा पत्ता, असे तिच्या आधारे पानातच नोंदविता येते.

एका नावाच्या अनेक वस्तू असल्या, तर प्रत्येकीस स्वतंत्र क्रमांक द्यावा, हा त्यावर सरळ उपाय आहे. रेल्वेने तो फार पूर्वीच योजला. तिच्या दप्तरी ठाणे म्हणजे ‘टीएनए’, कल्याण म्हणजे ‘केवायएन’ व डोंबिवली म्हणजे ‘डीआय’. तेथे रागाचा किंवा पोलिसांचा घोटाळा होण्याची भीती नाही. २०१२ साली सुरू झालेल्या विकिडेटा या मुक्त माहितीसंग्रहातही प्रत्येक वस्तूस ‘क्यू’ या अक्षरापुढे एक क्रमांक दिलेला असतो. त्यामुळे कल्याण शहर निराळे व कल्याण राग निराळा राहतो, आणि नाव मराठीत लिहा की तमिळमध्ये, वस्तू तीच राहते. तेथील माहितीचे वाक्य व्याकरणातील साध्या वाक्यासारखे तीन अंगांचे असते : ‘ठाणे – राज्य – महाराष्ट्र’. अशी लक्षावधी वाक्ये एकमेकांस जोडली, म्हणजे ‘महाराष्ट्रातील खाडीकाठची शहरे सांगा’ अशा प्रश्नाचे उत्तर यंत्र स्वतः जुळवून देऊ शकते.

नावाप्रमाणे तारखेचीही गोष्ट आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली, हे सर्वांस ठाऊक आहे. पुढे ती कल्याणपर्यंत आली, ती १ मे १८५४ रोजी. ही दुसरी तारीख कोणी १/५/१८५४ अशी लिहिली, तर आपण १ मे असे वाचू. पण अमेरिकेतील वाचक ती ५ जानेवारी असे वाचील, कारण तेथे महिना आधी लिहितात. यंत्राने कोणाचे ऐकावे? यासाठी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा आंतरराष्ट्रीय संकेत १९८८ साली ठरला : १८५४-०५-०१. वाचकासाठी ‘१ मे’ असे लिहावे, आणि यंत्रासाठी खुणेत हा संकेत घालावा. दोघांचेही काम होते.

मराठी भाषकांनी ज्या खुणेकडे विशेष लक्ष द्यावे, ती भाषेची. वेबवरील प्रत्येक पानाच्या आरंभी ते कोणत्या भाषेत आहे हे सांगता येते. मराठीसाठी ‘एमआर’ व हिंदीसाठी ‘एचआय’ अशी अक्षरे ठरलेली आहेत. दोन्ही भाषांची लिपी देवनागरीच, मग काय बिघडले, असे वाटेल. पण मराठी ‘ल’ व ‘श’ यांचे वळण हिंदीहून निराळे आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेविषयी जो निर्णय प्रसिद्ध केला, त्यातही या दोन अक्षरांच्या मराठी वळणाचा पुरस्कार आहे. काही टंकसंचांत दोन्ही वळणे भरलेली असतात, व भाषेची खूण पाहून यंत्र योग्य ते निवडते. खूण चुकली की मराठी मजकुरात हिंदी वळण दिसते. उच्चारात तर याहून मोठा घोटाळा होतो. ‘चांगला’ यातील आपला दंत्य ‘च’ हिंदीत नाही. भाषेची खूण चुकीची असेल, तर वाचून दाखविणारे यंत्र हिंदीचा आवाज निवडील, आणि ऐकणारास आपलीच मायबोली परक्या तोंडून आल्यासारखी वाटेल. ज्यांस केवळ ऐकूनच वाचावयाचे आहे, त्यांस हा त्रास किती होत असेल, याची कल्पना करा.

कोणी म्हणेल, आजची यंत्रे खुणेवाचूनही पुष्कळ समजू लागली आहेत. ती चित्रातील अक्षरेही ओळखतात व संदर्भावरून कल्याण कोणते तेही ताडतात. हे खरे आहे, आणि त्याचे कौतुकही वाटते. परंतु ताडणे निराळे व माहीत असणे निराळे. परीक्षा सोमवारी की मंगळवारी, औषधाच्या गोळ्या किती, गाडी धीमी की जलद, अशा गोष्टी अंदाजावर सोडून चालत नाही. लिहिणाऱ्यास जे निश्चित ठाऊक आहे, ते त्याने लिहून ठेवावे; दुसऱ्यास तर्क करावयास लावू नये.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. खूण दिसत नाही, म्हणून तीत खोटे लिहिण्याचा मोह होतो. वेबच्या प्रारंभीच्या काळात पानाच्या अदृश्य भागात विषयाचे शब्द लिहिण्याची सोय होती. लोकांनी तेथे आपल्या पानाशी संबंध नसलेले लोकप्रिय शब्द भरले, जेणेकरून शोधणारा चुकून तरी येईल. परिणाम असा झाला की त्या शब्दांवरचा विश्वासच उडाला, आणि आपण क्रम लावताना ते विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ साली जाहीर केले. खोट्या खुणांनी खऱ्या खुणाही निकामी केल्या. पालकांसाठी दुसरा इशारा असा की, मोबाईलने काढलेल्या छायाचित्राबरोबर ते कोठे व केव्हा काढले, ही माहितीही पुष्कळदा अदृश्यपणे साठविली जाते. मुलांची छायाचित्रे इतरांस पाठविण्यापूर्वी मोबाईलमधील ती सोय बंद आहे की नाही, हे एकदा पाहून घ्यावे.

विद्यार्थ्यांनी आता काय करावे? प्रथम, संगणकावर निबंध लिहिताना शीर्षक केवळ ठळक करू नका. लेखनाच्या साधनात शीर्षकासाठी जी सोय असते ती वापरा. चित्र घातले, तर त्याचे एका वाक्यात वर्णन लिहा. मजकूर मराठी असेल, तर भाषा मराठी अशी निवडा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या नकाशात रस्त्यांची व ठिकाणांची मराठी नावे लिहिण्यासाठी स्वतंत्र जागा आहे. आपल्या गल्लीचे नाव तेथे आहे काय, ते पाहा, आणि नसल्यास वडीलधाऱ्यांच्या अनुमतीने शुद्ध लिहून द्या. मराठी विकिपीडियावरही असेच काम पुष्कळ उरलेले आहे. या कामास मोठी बुद्धी लागत नाही. नेटकेपणा व खरेपणा मात्र लागतो.

त्या पालकांची भेट झाली, त्याच दिवशी सायंकाळी मी ती सूचना काढून घेतली. वेलबुट्टी गेली, चौकट गेली. वेळापत्रक अक्षरांत टंकित केले, शीर्षकास शीर्षकाची खूण केली, भाषा मराठी असे नोंदविले व तारखा नीट लिहिल्या. पान पूर्वीपेक्षा अगदीच साधे दिसू लागले. रात्री त्यांचा फोन आला. “सर, सोमवारी इतिहास, मंगळवारी गणित. बरोबर ना?” मी म्हणालो, “बरोबर.” मागून त्यांच्या मुलीचा आवाज आला, “बाबा, मी सांगितलेच होते की!” “तू सांगितलेस, ते झालेच,” ते तिला म्हणाले, “पण आज मी स्वतः वाचले.”